सोन्याचा कोल्हा, मुलाम्याचा मासा

कोल्ह्याला आपल्याकडे कुणी कधी चांगलं म्हटलेलं नाही. लबाड, धूर्त, दुसऱ्याच्या शिकारीवर टपलेला, द्राक्षं मिळाली नाहीत की ती आंबट ठरवणारा. पंचतंत्रातला चंडरव तर नीळ भरलेल्या पिंपात पडून निळा झाला आणि त्या रंगाच्या भांडवलावर काही दिवस राज्यही करून आला. अशा प्राण्याला 1758 साली स्वीडनच्या कार्ल लिनियसने नखशिखांत सोन्याचा करून टाकलं. जगभरच्या प्राण्यांना दोन-दोन शब्दांची लॅटिन नावं वाटण्याचं काम तो करत होता. त्यात कोल्ह्याच्या वाट्याला आलं ‘कानिस आउरेउस’. कानिस म्हणजे कुत्रा, आउरेउस म्हणजे सोन्याचा. स्वीडनच्या रानात तेव्हा हा कोल्हा फिरत नव्हता, त्यामुळे फार जवळून ओळख झाल्यावर मत बदलण्याचा धोकाही नव्हता.

एवढ्यावर भागलं असतं तर कोल्ह्याचं नशीब म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच ग्रंथात, त्याच लेखणीने, गोल्डफिशलाही नाव मिळालं आहे आणि ते आहे ‘आउरातुस’. दिसायला भाऊ-भाऊ वाटतात, पण आउरेउस आणि आउरातुस यांच्यात सराफ आणि बेन्टेक्सवाला यांच्याइतकं अंतर आहे. आउरातुस म्हणजे सोन्याचा मुलामा दिलेला. म्हणजे काचेच्या भांड्यात दिवाणखान्याची शोभा वाढवणारा, ज्याच्या नावातच गोल्ड आहे, तो मासा वरवरचा; आणि मुंबईच्या खाडीकाठच्या तिवरांत रात्री कोल्हेकुई करत फिरणारा, मातकट पिवळ्या अंगाचा तो गडी मात्र आत-बाहेर अस्सल.

माशाच्या बाबतीत मात्र लिनियस अजाणता बरोबर निघाला. गोल्डफिशचे मूळ चिनी पूर्वज करड्या-हिरवट रंगाचे. माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून त्यांच्यावर हा रंग चढवला, आणि आजही पिल्लं जन्मतात ती मळकटच, सोनेरी होतात मागाहून. मुलामा हा शब्द इतका चपखल क्वचितच बसतो. कोल्ह्याचा हिशेब मात्र अजून जुळलेला नाही.

लॅटिन मी हौस म्हणून शिकायला घेतली. त्या वाटेवर भेटलेल्या अनेक शब्दांपैकी या एका विशेषणाने मला जितकं रमवलं तितकं दुसऱ्या कुणी नाही. आउरुम म्हणजे सोनं. रसायनशास्त्रात सोन्याचं चिन्ह एयू लिहितात ते यातूनच. त्याला ‘एउस’ हा प्रत्यय लागला की सोन्याचा. हा प्रत्यय म्हणजे रोमन लोकांचं वस्तू कशाची आहे ते सांगण्याचं यंत्रच होतं. फेर्रुम म्हणजे लोखंड, फेर्रेउस लोखंडी. लिग्नुम लाकूड, लिग्नेउस लाकडी. वित्रुम काच, वित्रेउस काचेचा. दगड, चांदी, शिसं, मेण, हाड, शिंग, काहीही आत टाका, पलीकडून विशेषण बाहेर पडतं.

आउरुमची वंशावळ खोदत गेलं की वाट आपल्या अंगणात येते. या शब्दात मुळात ‘र’ नव्हता, ‘स’ होता. रोमच्या शेजारचे सॅबाइन लोक सोन्याला ‘औसुम’ म्हणत अशी जुनी नोंद आहे. रोमन लोकांना मात्र दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘स’चा ‘र’ करायची सवय लागली. पापिसिउस नावाचं एक थोर घराणं होतं, ते बघता बघता पापिरिउस झालं. तसंच औसुमचं आउरुम झालं. आता तो ‘स’ परत जागेवर ठेवून पाहिलं की ओळख पटते. सोनं म्हणजे झळाळणारं, आणि त्याच घरातला दुसरा शब्द म्हणजे पहाट. लॅटिनमधली पहाट आउरोरा, तिच्यातही तोच ‘स’ हरवलेला. संस्कृतने तो नीट सांभाळला आणि तिला उषस् म्हटलं. म्हणजे पूर्वी प्रत्येक वाड्यात एक तरी असायची ती उषा, आणि रोमच्या टांकसाळीतलं सोनं, ही एका मूळपुरुषाची लेकरं. उषाताईंना हे कळलं तर त्या तेवढ्यावरून दागिना मागतील, म्हणून मी बोललेलो नाही.

आता रूपं. इथे मराठी माणसाने थोडा तोरा मिरवायला हरकत नाही. इंग्रजी माणसाला लॅटिन शिकताना पहिला घाम फुटतो तो विशेषणाच्या लिंगाने. सोन्याचं विशेषण, त्याला कसलं आलंय पुरुष आणि बाई? हिंदीवाल्याला दोन लिंगांची सवय असते, तिसऱ्याशी तो अडखळतो. आपल्याला काहीच वाटत नाही. आउरेउस, आउरेआ, आउरेउम; सोन्याचा, सोन्याची, सोन्याचं. हार आउरेउस, अंगठी आउरेआ, मंगळसूत्र आउरेउम. तिन्ही लिंगं आपण दुधाबरोबर प्यालेलो असतो. परदेशी पाहुण्याला ‘तो टेबल, ती खुर्ची, ते कपाट’ असं का, याचं उत्तर आपण कधी देऊ शकलेलो नाही. रोमन माणसालाही देता आलं नसतं.

पण तोरा फार वेळ टिकत नाही. आपल्याकडे चा, ची, चं, चे, च्या एवढ्यात सोन्याचा सगळा कारभार उरकतो. लॅटिनमध्ये या एका शब्दाचा तक्ता मांडायचा तर सहा विभक्ती, दोन वचनं, तीन लिंगं मिळून 36 खण होतात. घाबरू नका, लॅटिन दिसते तितकी उधळी नाही. मोजून पाहिलं तर त्या 36 खणांत लिहायला वेगळी रूपं फक्त 13. एकट्या ‘आउरेआ’कडे सहा खणांची नोकरी आहे. एकवचनी बाई ती, तिला हाक मारायची तर ती, तिच्याकडून काही घ्यायचं तर शेवटचा स्वर जरा लांबवून तीच. वर नपुंसकलिंगी अनेकवचनाची तीन टेबलंही तिच्याच गळ्यात. सरकारी कचेरीत एका कारकुनाकडे सहा खात्यांचे शिक्के असतात, तसंच हे. फरक इतकाच की आउरेआ जेवणाच्या सुट्टीला जात नाही.

या तक्त्यात एक गोष्ट मात्र मिळत नाही, ती म्हणजे तर-तम. ज्याचा शेवट ‘एउस’ने होतो ते विशेषण लॅटिनमध्ये सहसा वाढत नाही. थोर, थोरतर, थोरतम करता येतं, पण सोन्याचा, सोन्याचातर, सोन्याचातम होत नाही. शब्दाच्या शेवटी दोन स्वर एकमेकांना चिकटल्यामुळे पुढचा प्रत्यय बेंगरूळ वाटतो हे एक कारण, आणि मुळात वस्तू सोन्याची असते किंवा नसते, हे दुसरं. मराठीनेही ही शिस्त मनोमन पाळलेली आहे. फारच छान झालं की आपण ‘सोन्याहून पिवळं’ म्हणतो. सोन्याहून सोन्याचं म्हणायला जीभ धजत नाही. स्पर्धा रंगाची, धातूची नाही.

पदार्थवाचक विशेषणांबाबत जगातला सगळ्यात रसिक कायदा मात्र रोमचा नव्हे, पाणिनीचा. अमुक वस्तूपासून बनलेला किंवा तिचा भाग असलेला, हे सांगायला संस्कृतात ‘मय’ लागतो: सुवर्णमय, मृण्मय, दारुमय. पाणिनीने त्याला मयट् असं नाव देऊन नियम केला आणि लगेच अपवाद घातला की खाणं आणि कपडे सोडून. मुगाचं वरण मुद्गमय म्हणायचं नाही, कापसाचं वस्त्र कार्पासमय म्हणायचं नाही, त्यांना दुसरे प्रत्यय. अन्न आणि वस्त्र यांना वेगळी वागणूक देणारा हा व्याकरणकार मला फार घरगुती वाटतो. त्याच भागात त्याने गाईसाठीही स्वतंत्र सूत्र ठेवलं आहे. ‘गो’ला मयट् लावला की अर्थ होतो शेण. दूध नाही, तूप नाही. गोमय म्हणजे शेण आणि फक्त शेण, कारण भाषेत तसं चालतं. सारवलेल्या जमिनीवर बसून लिहिणारा माणूसच असं सूत्र लिहू शकतो.

रोमन लोकांना असली काटेकोर बुद्धी नव्हती. त्यांचा आउरेउस सोन्याच्या वस्तूला लागे, सोनेरी रंगाला लागे, आणि नुसत्या कौतुकालाही लागे. मराठीत आपण सोन्याचा आणि सोनेरी वेगळे ठेवतो. सोन्याची साखळी आणि सोनेरी साखळी यांच्यातला फरक कुठल्याही लग्नात वरमाईच्या चेहऱ्यावर वाचता येतो. लॅटिनचा आउरेउस हा फरक करत नव्हता, आणि मग त्या एका विशेषणाने जी उधळण केली तिला तोड नाही. ओविदने सुवर्णयुगाचं वर्णन केलं आहे. त्याच्या त्या आउरेआ युगात सोनं मुळी नाहीच. जमिनीतून सोनं खणून काढतात ते पुढे लोहयुगात, आणि तिथूनच सगळी भांडणं सुरू होतात. आपुलेउसच्या कादंबरीतला नायक जादूच्या घोळात गाढव होतो. पुढे संत ऑगस्टीनने त्या पुस्तकाचा उल्लेख ‘सोन्याचं गाढव’ असा केला. ते गाढव सोन्याचं तर नाहीच, पण चांगलं बडवलंही जातं. होरेसने मधल्या मार्गाला आउरेआ म्हटलं. तो मार्ग इंग्रजीच्या बोटीतून आपल्याकडे उतरला आणि आता ‘सुवर्णमध्य’ या नावाने अग्रलेखांच्या शेवटच्या परिच्छेदात राहतो. त्याच्या अंगावर सोनं असल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.

नीरोचा वाडा मात्र खरंच सोन्याच्या जवळ गेला होता. इ.स. 64मध्ये रोमला आग लागली, शहराचा मोठा भाग जळाला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर सम्राटाने स्वतःसाठी महाल बांधायला घेतला. दोमुस आउरेआ. भिंतींवर सोन्याचा वर्ख, रत्नं, शिंपल्यांची नक्षी, मधोमध तळं, दारात सम्राटाचा 120 फुटी पुतळा. राहायला गेल्यावर तो म्हणाला म्हणे की आता कुठे माणसासारखं जगायला सुरुवात झाली. माझं लक्ष मात्र त्याच्या उधळपट्टीपेक्षा वाड्याच्या नावाकडे गेलं. एक तर दोमुस, म्हणजे घर, हा शब्द ‘उस’ने संपूनही स्त्रीलिंगी आहे. तो चेहऱ्याने पुरुष वाटतो, पण विशेषण फसत नाही, मुकाट्याने आउरेआ होतं. (लॅटिनमधली झाडंही अशीच. फिकुस हे नाव दिसतं पुल्लिंगी, पण पिंपळाचं शास्त्रीय नाव फिकुस रेलिगिओसा, रेलिगिओसुस नव्हे. आपण ‘तो पिंपळ’ म्हणून ज्याला प्रदक्षिणा घालतो ती रोममध्ये बाई आहे.) आणि दुसरं असं की भिंतींवर नुसता वर्ख होता, म्हणजे व्याकरणाच्या न्यायाने तो वाडा आउराता हवा होता, मुलाम्याचा. पण नीरोच्या तोंडावर हे कोण सांगणार? स्वतःच्या शिक्षकाला त्याने आत्महत्या करायला लावली, हे सगळ्यांना माहीत होतं.

या विशेषणाच्या लिंगबदलाचं सगळ्यात सुरेख उदाहरण माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे. तुमच्याही असेल. सरबताच्या जुन्या बाटलीत पाणी, पाण्यात पांढरी, काचेला आतून चिकटलेली मुळं, आणि बाहेर गजाला वळसा घालून वर निघालेला मनी प्लॅन्ट. हिरव्या पानावर पिवळे फराटे. खिडकीकडच्या पानांवर ठसठशीत, आतल्या, फ्रीजच्या सावलीत गेलेल्या पानांवर जवळजवळ गायब. या फराट्यांवरून त्याला सोन्याचा म्हटलं. मूळ गाव प्रशांत महासागरातलं मोओरेआ बेट. बारसं झालं 1880 साली, तेव्हा त्याचं घराणं पोथोस ठरवलं आणि नाव दिलं पोथोस आउरेउस. पुल्लिंगी. 1908 साली त्याला स्किन्डाप्सुस घराण्यात दत्तक दिलं. तेही पुल्लिंगी, म्हणून आउरेउस तसंच राहिलं. पंचाईत अशी की या वेलाला फूल जवळजवळ येतच नाही, आणि वनस्पतिशास्त्रज्ञ फुलावाचून गोत्र सांगत नाहीत. 1960च्या सुमारास कधी नव्हे ते फूल अभ्यासायला मिळालं आणि 1963मध्ये त्याची रवानगी राफिडोफोरा घराण्यात झाली. हे घराणं स्त्रीलिंगी, त्यामुळे आता तो राफिडोफोरा आउरेआ. वर्षभरात पुन्हा निकाल फिरला आणि 1964पासून तो आहे एपिप्रेम्नुम आउरेउम. नपुंसकलिंगी.

विशेषणाने नामाच्या लिंगाप्रमाणे वागलंच पाहिजे, हा वनस्पतींच्या नावांचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. प्राण्यांच्या नावांनाही तो लागू आहे. तेव्हा त्या बिचाऱ्याने तो, ती, ते असा पूर्ण प्रवास केला, तोही बाटलीतून न हलता. आपण त्याला मनी प्लॅन्ट म्हणतो, आणि शेजाऱ्याकडून न विचारता तोडून आणला तर जास्त फोफावतो असं मानतो. त्याने सोनं आणलेलं मी पाहिलेलं नाही. पाणी बदलायचं काम मात्र नियमित आणतो.

नोंद घ्यावी असं आणखी एक झाड रस्त्यांच्या कडेला आणि बागांमध्ये दिसतं, टॅबेबुइया आउरेआ. सोन्यासारख्या पिवळ्या फुलांचं. जुन्या बागायती पुस्तकांत हेच झाड टॅबेबुइया आर्जेन्तेआ म्हणून भेटतं, म्हणजे चांदीची. एकाने फुलं पाहिली, दुसऱ्याने पानांची रुपेरी झाक. दोघांच्याही खिशात कसोटीचा दगड नव्हता.

आता खऱ्या सोन्याकडे येऊ, कारण एका ठिकाणी आउरेउस शब्दशः खरा होता. रोमन सोन्याच्या नाण्याचं नावच आउरेउस. पूर्ण नाव देनारिउस आउरेउस, सोन्याचा देनारिउस, कारण साधा देनारिउस चांदीचा असे आणि एका सोन्याच्या बदल्यात असे 25 मिळत. पण बाजारात कोण पूर्ण नाव घेतं? नाम गळालं आणि विशेषणच नाणं होऊन बसलं. आपणही टपरीवर ‘एक कटिंग’ म्हणतो, चहा हा शब्द उच्चारण्याचे कष्ट घेत नाही. मेणाच्या केरेउसचंही तेच झालं. तो आधी ‘मेणाचा’ होता, मग मेणबत्ती झाला, मग मेणबत्तीसारख्या उभ्या निवडुंगाचं नाव झाला, आणि हिलोकेरेउस, म्हणजे रानातली मेणबत्ती, अशा नावाने सांगली-सोलापूरच्या दुष्काळी शिवारात ड्रॅगन फ्रूट म्हणून लागला. गुजरात सरकारने 2021 साली त्याला कमलम केलं. मेण, मेणबत्ती, राक्षस, कमळ. एका फळाला इतके जन्म पुरे.

पण या सगळ्यांत आमच्या आजीची पितळी श्रेष्ठ. ज्यांनी ती पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो: पितळी म्हणजे उभ्या काठाचं, सपाट बुडाचं जेवायचं भांडं, कालवणात भाकरी कुस्करायची तर ताटापेक्षा फार सोयीचं. मूळ विशेषण पितळेची. कुठली तरी ताटली पितळेची होती, ताटली गळाली, पितळी राहिली. चिंचेने घासून ओट्यावर उपडी घातली की काठावर पाण्याचे थेंब थांबायचे आणि आतल्या कल्हईवर करड्या ढगांसारखे डाग दिसायचे. पुढे पितळ महाग झालं, कल्हईवाला येईनासा झाला, आणि घरात अॅल्युमिनियम शिरलं. अॅल्युमिनियमला आपण जर्मन म्हणतो. ज्या जर्मन सिल्व्हरवरून हा शब्द रुळला असावा त्यात चांदीचा कणही नसतो, असतं तांबं, निकेल आणि जस्त. तरी आजी निर्विकारपणे सांगायची, “अगं, जर्मनची पितळी घे.” म्हणजे जिच्यात पितळ नाही अशी पितळी, ज्याच्याशी जर्मनीचा काही संबंध नाही अशा जर्मनची. त्यानंतर स्टीलची पितळीही आली. पदार्थ सांगण्यासाठी जन्मलेलं विशेषण आपला पदार्थ इतका साफ विसरू शकतं, हे आउरेउसलाही जमलं नाही.

आउरेउसने निदान शुद्धता राखली. राजे त्याचं वजन तेवढं खात गेले. जुलिउस सीझरच्या काळात एका रोमन पौंडात 40 आउरेउस पाडत. एक नाणं सुमारे 8 ग्रॅमचं, आपल्या जुन्या हिशेबाने पाऊण तोळ्याला थोडं कमी. नीरोने पौंडात 45 पाडले (वर्खाचा खर्च कुठून तरी निघायला हवा). काराकाल्लाने 50. शेवटी कॉन्स्टन्टाइनने पौंडात 72 पाडून नव्या नाण्याला नाव दिलं सोलिदुस, म्हणजे भरीव. वजन निम्म्यावर आल्यावर भरीव म्हणायची गरज पडते. हेही विशेषणच, आणि यानेही आपलं नाम गिळलं.

ही नाणी मिऱ्यांच्या मोबदल्यात जहाजांतून भारतात ओतली जात होती. थोरला प्लिनी कपाळ बडवून घेत लिहितो की हिंदुस्थान दरवर्षी साम्राज्याचे 5 कोटी सेस्तेर्तिउस ओढून घेतो. तमिळनाडूत पुदुकोट्टईला 1898 साली 501 रोमन सोन्याची नाणी एकत्र सापडली आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा आडवा घाव होता. आपल्या माणसाला सम्राटाच्या मुखवट्याचं कौतुक नव्हतं. सोन्याचा, एवढं विशेषण पुरे होतं.

आणि इथे भाषेने फार सुंदर वाटणी केली. देनारिउस आउरेउस या जोडनावातलं नाम रोमने टाकलं आणि विशेषण ठेवलं, म्हणून तिकडे नाणं आउरेउस. आपल्याकडे उलटं झालं. विशेषण समुद्रातच राहिलं, नाम किनाऱ्याला लागलं, आणि गुप्तकाळातल्या दानलेखांत सोन्याच्या नाण्याला म्हटलं आहे दीनार. तिकडे नुसता देनारिउस म्हणजे चांदी. इथे नुसता दीनार म्हणजे सोनं. शब्द गळाला, पण त्याचा धातू मागे राहिला. अरबांनीही दिनार सोन्याचाच ठेवला. आज कुवेतला नोकरीला गेलेला रत्नागिरीचा मुलगा घरी जे दिनार पाठवतो ते कागदाचे किंवा संगणकातल्या आकड्यांचे असतात, पण गावात त्याचा भाव सोन्याचाच असतो.

दवाखान्यात मात्र हे विशेषण कुणाला नकोसं. गळू झालं, पू तपासायला दिला, की अहवालात येतं स्टॅफिलोकॉकस ऑरियस. (डॉक्टर मंडळी इंग्रजी वळणाने ऑरियस म्हणतात, रोमन माणसाला कळलं नसतं, पण त्यालाही गळवं होत असतीलच.) 1884 साली रोझेनबाखने या जंतूंच्या वसाहतींचे दोन रंग पाहिले, एक पांढरा आणि एक पिवळा, आणि पिवळ्याला सोन्याचा म्हणून मोकळा झाला. औषधांना दाद न देणारी त्याची आजची जात भल्याभल्या रुग्णालयांची झोप उडवते. सोन्याला चिकाटी असते ती अशी.

राहता राहिला उच्चार. ‘आउ’ हा जोडस्वर शहरी रोमन तोंडात नीट राहत असे, गावाकडचे लोक त्याचा ‘ओ’ करत. आउरुमचं ओरुम. आपल्याकडे मौक्तिकाचं मोती झालं, गौरचा गोरा झाला, तीच वाट. सम्राट वेस्पासियन गावाकडचा होता. नीरोच्या सोन्याच्या वाड्यातलं तळं आटवून त्याने तिथे कलोसियम बांधायला घेतलं तोच हा. एकदा फ्लोरुस नावाच्या बड्या गृहस्थाने त्याला हटकलं की महाराज, गाडीला ‘प्लोस्त्रा’ म्हणू नये, शुद्ध रूप ‘प्लाउस्त्रा’. दुसऱ्या दिवशी दरबारात वेस्पासियनने त्याचं स्वागत केलं, “या फ्लाउरुस!” ग्रीकमध्ये याच्याशी मिळताजुळता शब्द आहे, त्याचा अर्थ फालतू. पुण्याच्या दिशेने बघत मी ही गोष्ट वाचली आणि मनातल्या मनात सम्राटाला मुजरा केला.

शेवटी गावच जिंकलं. इटालियनमध्ये सोनं ‘ओरो’, फ्रेंचमध्ये ‘ऑर’. आउरेउसचं लाडकं रूप आउरेओलुस, म्हणजे सोनुला. त्याच्यातही ‘आउ’चा ‘ओ’ झाला आणि एका पिवळ्याधमक पक्ष्याचं नाव पडलं ओरिओल. लिनियसनेही ते उचललं आणि या पक्ष्यांचं कुळच ओरिओलुस करून टाकलं. आपल्याकडच्या जातीला 1832 साली ओरिओलुस कुंडू हे नाव दिलं कर्नल साइक्सने. हा गोरा अधिकारी मुंबई इलाख्याच्या सांख्यिकीच्या कामासाठी दख्खनभर फिरत होता आणि फिरता फिरता पक्षी मोजून गेला. त्या काळी तो ज्या आमराईत थांबला असेल तिथल्या गुराख्याला पिवळ्या पक्ष्याकडे बघून सोनं आठवलं नसावं. त्याच्या घरात सोनं होतं किती? मराठीत त्या पक्ष्याचं नाव हळद्या. रोमच्या वारसांना नाणं दिसलं, आपल्याला डबा दिसला. नर पिवळाजर्द असतो म्हणून हळद्या. मादी हिरवट असते, तरी आपण तिलाही हळद्याच म्हणतो. लॅटिनने इथे लगेच लिंगाचा प्रश्न उपस्थित केला असता.